चौसष्ट नावांची ठेव

गुरुवार सकाळपासून मदीहाच्या पायाला भिंगरी लागली होती. दुकानातून घरात, घरातून दुकानात, मध्येच रस्त्यावर जाऊन उगाच कोळशाचे ट्रक पाहत उभं राहायचं, अन् पुन्हा दुकानात. बरं, घर आणि दुकान यांच्यात अंतर किती, तर एक पडदा. शेवटी अम्मी वैतागली. "बस ना एका जागी! तुले पाहून माझंच डोकं गरगरून राह्यलं." मदीहा बसली. दोन मिनिटांत परत उठली.

शनिवारी हिरडगुड्याची माणसं येणार होती. डबा पाहायला.

डबा म्हणजे सर्व्हर. घुग्घुसला मदीहाच्या अब्बांचं, सादिकभाईंचं, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्या दुकानाच्या कोपऱ्यात, तांब्याच्या तारेच्या रिळांखाली, लाकडी पाटावर एक काळा कॉम्प्युटर ठेवलेला होता. त्याच्या पंख्यावर मलमलचा तुकडा बांधलेला, कारण घुग्घुसची धूळ नाकात जाते तशीच मशीनमध्येही जाते. शेजारी सादिकभाईंनी स्वतः जोडलेला इन्व्हर्टर. समोर एक निळा दिवा, कायम लुकलुकणारा. सादिकभाई रोज सकाळी शटर उघडलं की गिऱ्हाइकाच्या मोटारीला हात लावायच्या आधी हा डबा पुसायचे. आपल्या पोरीनं बनवलेलं ॲप या डब्यातून चालतं, ह्याचा त्यांना भारी अभिमान!

आणि त्या डब्यात चार महिन्यांपासून काहीच नव्हतं. फक्त दिवा लागत होता.

झालं होतं असं. मदीहा चंद्रपूरला कॉलेजात असताना एटापल्लीच्या पुढं, जंगलातल्या हिरडगुड्याला, एका आरोग्य शिबिरात नावं टिपायला गेली होती. तिथं तिला सिकलसेल दिसला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि मग अंग असं काही दुखतं की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. काहींना तातडीनं रक्त चढवावं लागतं. रक्त देणारं माणूस दोन गावं सोडून असतं, पण त्याला सांगणार कोण? मदीहानं ॲप केलं. गावच्या आरोग्यसेविकेनं बटण दाबलं की त्याच रक्तगटाच्या जवळच्या माणसांच्या फोनवर निरोप जायचा. एवढंच. पण त्यासाठी सगळ्यांची नावं, रक्तगट, दुखणं हे सगळं कुठंतरी ठेवावं लागतं. आणि कुठंतरी म्हणजे कुठं, इथंच घोडं अडलं.

तिच्या वर्गातला प्रणित नागपूरच्या एका कंपनीत लागला होता. तो फोनवर हसला होता. "अबे येडी, घरात सर्व्हर कोण ठेवते आता? क्लाउडवर टाक ना. लाइट त्यांची, बॅकअप त्यांचा, डागडुजी त्यांची. तू आपली निवांत झोप." बोलणं सोळा आणे खरं होतं. पण हिरडगुड्याला जाऊन हे सांगून पाहा म्हणावं!

यादी म्हटलं की हिरडगुड्याच्या अंगावर काटा येतो. यादी घेऊन गाडीतून खाकीतली माणसं आली होती, यादी मागायला जंगलातून बंदूकवालीही आली होती. दोघांनी पाणी मागितलं, दोघांनी नावं विचारली, आणि त्या यादीतली काही माणसं नंतर घरी आलीच नाहीत. शिवाय पोरीचं नाव दुखण्याच्या यादीत आहे असा सुगावा लागला की सोयरीक मोडते. म्हणून गावाची एकच अट होती. नावं देऊ, पण कुठं ठेवता ते दाखवा.

ही त्यांची जुनी रीत. बियाणं असो की देवाचं सामान, ठेव दुसऱ्याच्या घरी ठेवली की वर्षातून एकदा जाऊन ती डोळ्यांनी पाहून यायची. परत घ्यायची तर एकेक मोजून घ्यायची. न पाहिलेली ठेव ती ठेवच नाही. गेल्या वर्षी गावचा भूमिया, म्हणजे गावदेवाचं पाहणारा जाणता, कोलू, ग्रामसभेचा अध्यक्ष वारलू आणि आरोग्यसेविका रंभा असे तिघं दोन बसा बदलून घुग्घुसला आले होते. कोलू सत्तरीचा. त्यानं डब्यावर तळहात ठेवला, आतली ऊब लागली तशी मान हलवली आणि त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी बोलला. रंभानं सांगितलं, "म्हणते, जित्ता आहे. राहू द्या इथी." चौसष्ट नावं त्या दिवशी मदीहाच्या हवाली झाली. ती तर हवेतच होती! प्रणितला तिनं फोटो धाडला, खाली लिहिलं, आपलं ते आपलं.

आपलं ते आपलं खरं, पण ते आपल्यालाच रात्रंदिवस राखावं लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. लाइट गेली की मदीहा जेवणावरून उठायची. लग्नात गेली तर एक डोळा फोनवर. नातेवाईक म्हणायचे, पोट्टीचं कुठी जमून राह्यलं वाटते. कुठलं काय, ती सर्व्हर जागा आहे की नाही ते पाहत असायची.

आणि मग श्रावणात व्हायचं तेच झालं. मदीहा मुलाखतीसाठी नागपूरला, अब्बा-अम्मी मयतीला वणीला. घुग्घुसची लाइट गेली ती एकोणीस तास. इन्व्हर्टर आठ तास झुंजला आणि बसला. नेमकं त्याच वेळी हिरडगुड्याला नऊ वर्षांच्या रंजीताला दुखणं उठलं. रंभानं नेटवर्कसाठी टेकडी चढून बटण दाबलं. काही नाही. आणखी दोनदा चढली, पुन्हा पुन्हा दाबलं. मोबाइलवर नुसतं चाक फिरत राहिलं. शेवटी पोरीला खाटेवर टाकून नाला ओलांडून नेली, तालुक्याला एक दिवस उशिरा रक्त मिळालं. वाचली. पण कशी वाचली ते डॉक्टरांनाच माहीत.

रंभानं फोनवर सांगितलं तेव्हा मदीहाला ते एकोणीस तास आठवले. रंभाच म्हणाली, "नेटवर्कच नसन ताई, तुमी काय करान?" आणि मदीहा म्हणाली, "हो, तसंच असेल."

इथं तिची चूक झाली. सर्व्हर बंद पडला ही काही चूक नव्हे, मशीनच ते. चूक या तीन शब्दांची. दोन दिवसांत तिनं सगळी नावं क्लाउडवर नेली, तिथं ॲप लोण्यासारखं चालायला लागलं, आणि रिकाम्या डब्याचा दिवा तिनं चालूच ठेवला. सांगते, सांगते म्हणत चार महिने गेले. तिकडे सर्व्हर शांत झाला आणि इकडे हिची झोप उडाली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

गुरुवारी दुपारी तिला एक युक्ती सुचली. क्लाउडवरची एक प्रत परत डब्यात उतरवली तर? मग नावं डब्यात असतीलच की. मग खोटं कुठं उरलं? ती पाटाशी मांडी घालून बसली आणि कॉपी लावली. डब्यातून आधी कर्र आवाज आला, मग टक्, टक्, टक्. चार महिने नुसत्या बसलेल्या डिस्कला मलमलमधून झिरपलेल्या धुळीनं खाल्लं होतं. पुन्हा लावली. पुन्हा टक् टक्. तिनं डब्यावर एक चापट मारली.

"मारून काय होईन?" मागून सादिकभाई म्हणाले. हातात टेस्टर, कपाळावर चष्मा. "मेलेलं आहे ते."

"नाही अब्बा, थोडं अडकलंय, आता—"

"बेटा, चार महिने झाले. आधी हा डबा भर उन्हाळ्यातल्या कुलरासारखा करंट खात होता. श्रावणापासून झिरोच्या बल्बाएवढा खाते. माझी जिंदगी गेली करंट मोजण्यात. मले नाई समजन?"

मदीहानं कॉपी थांबवली. "मग रोज पुसत काऊन होते?"

"तू ठेवला होता म्हणून." ते स्टुलावर बसले. समोरच्या मोटारीत तार भरायला घेतली. मग मान वर न करता म्हणाले, "घुग्घुसात दोघं-तिघं आहेत असे. जळालेल्या तारेवर नवीन वार्निश मारतात अन् नवी वाइंडिंग म्हणून देतात. आठ दिवस चालते मोटार. गिऱ्हाईक खूश. नवव्या दिवशी कोणाच्या तरी विहिरीवर शॉक लागते."

"मी नवीन, मजबूत ठिकाणीच ठेवलीत नावं, अब्बा. इथल्यापेक्षा शंभरपट मजबूत."

"असन. त्याहिले कुठी माहीत आहे?"

मदीहा पडदा सारून घरात गेली, पाणी प्यायली, परत आली, परत गेली. शुक्रवारही असाच गेला. दहादा फोन उचलून रंभाला सांगायला गेली आणि दहादा ठेवला.

शनिवारी अकराच्या सुमाराला तिघं आले. आदल्या दिवशीच निघून चंद्रपूरला मुक्काम केला होता. कोलूच्या खांद्यावर टॉवेल, वारलूच्या हातात मोहाची वाळलेली फुलं बांधलेली पुरचुंडी, रंभाच्या पाठीवर पिशवी. अम्मीनं पाणी दिलं. सादिकभाईंनी स्टूल पुसून पुढं केलं. "या कोलूभाऊ, बसा. प्रवास झाला ना बरा?" कोलू बसला नाही. तो थेट पाटाकडे गेला, वाकला आणि डब्यावर तळहात ठेवला.

निळा दिवा लुकलुकत होता. कोलूनं हात काढला नाही. दुसरा हातही ठेवला. मग एकच शब्द बोलला.

"थंड म्हणते," रंभा म्हणाली.

वारलूच पटकन म्हणाला, "थंडीचे दिवस आहेत ना भाऊ. लोखंड आहे, थंड लागनच."

बिचाऱ्यानं स्वतःहून पळवाट काढून दिली होती! नुसतं हो म्हटलं की झालं. चहा, चिवडा, दुपारची बस आणि वर्षभराची सुट्टी. मदीहानं अब्बांकडे पाहिलं. ते मोटारीत डोकं घालून बसले होते. मुद्दाम.

"थंडीमुळे नाही," मदीहा म्हणाली. "डबा रिकामा आहे. नावं यात नाहीत. श्रावणापासून नाहीत."

रंभानं हे माडियात सांगितलंच नाही. ती मदीहाकडेच वळली. "श्रावणापासून म्हणजे? रंजीताच्या वेळेस?"

"त्या दिवशी इथली लाइट गेली होती. एकोणीस तास. तुम्ही बटण दाबत होता ना, तेव्हा हा बंद होता. नेटवर्कचं कारण नव्हतंच, रंभाताई."

"मी तीनदा टेकडी चढली त्या दिवशी," रंभा म्हणाली. "तीनदा. खाली उतरली की पोट्टी ओरडे, म्हणून अजून वर चढली. चार महिने मले वाटून राह्यलं का मीच बरोबर दाबलं नाई. माझ्याच हातानं काही चुकलं. अन् तुमी मले फोनवर काय म्हटलं? तसंच असन म्हटलं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं रागानं पुसलं. मग कोलूकडे वळून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

कोलू आता स्टुलावर बसला. त्यानं रंभाकरवी विचारायला सुरुवात केली, आवाज न चढवता. नावं आता कुठं आहेत?

"मुंबईकडं. एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत. तिथं लाइट कधी जात नाही. एक मशीन बिघडलं तर दुसरं चालतं. लाखो लोकांच्या वस्तू तिथंच असतात."

आम्हाले तिथी नेशीन का पाहायले?

"तिथं कोणाला जाऊ देत नाहीत, कोलूभाऊ."

तू पाहून आली?

"नाही. मलाही सोडत नाहीत."

मग कोलू जे बोलला ते रंभानं हळूच सांगितलं. "म्हणते, तू पाहिलं नाई तिथी आमचं ठेवलं."

मदीहा तळमळून म्हणाली, "पण रंजीतासाठीच नेलं मी! पुन्हा असं होऊ नये म्हणून! इथं ठेवलं तर लाइट जाईल, धूळ जाईल, मी एकटी किती राखू? तिथं नावं दिसत नाहीत पण माणूस वाचतं. इथं नावं दिसतात आणि..."

वारलू म्हणाला, "हे तेव्हाच सांगतलं असतं पोरी, तर सभा बसली असती. आमी म्हटलं असतं तिथी ने. किंवा म्हटलं असतं, आमच्या शाळेत सोलर आहे, तिथी ठेव. काहीतरी म्हटलंच असतं. तू आमाले विचारलंच नाई."

कोलूनं निकाल दिला. ठेव परत घ्यायची, आत्ता, रीतीप्रमाणे मोजून. एकेक नाव वाचायचं, ते परत आलं असं तो म्हणेल, मग ते पुसायचं. मदीहानं लॅपटॉप उघडला आणि आणखी एक गोष्ट सांगून टाकली, कारण आता लपवायचा तिला वीट आला होता. "मी इथून पुसलं तरी त्यांच्याकडं सात दिवस बॅकअप राहतो. सात दिवसांच्या आत म्हणाल तर परत आणता येतील. नंतर नाही." वारलूनं कपाळावर हात मारला. आपलीच वस्तू पुसायलाही दुसऱ्याची मुदत! कोलू म्हणाला, वाच.

तिनं वाचायला घेतलं. पुरुषाचं नाव आलं की कोलू म्हणे, "वातोर." आला. बाईचं आलं की, "वाता." आली. प्रत्येक शब्दामागं मदीहा एक ओळ पुसे. वर्षभर ही नावं तिच्याजवळ होती, पण तिनं कधी वाचली नव्हती. तिला फक्त ओळी आणि रकाने ठाऊक. आता रंभा मध्येच सांगायची, हा तेंदूची पानं गोळा होतात त्या फडीवर असते, हिले मागच्या महिन्यात लेकरू झालं, ह्याचा भाऊ गेला याच दुखण्यानं. वाता. वातोर. वातोर. दुकानात गिऱ्हाईक आलं, सादिकभाईंनी हातानंच थांबवलं. प्रत्येक ओळ पुसताना वाटे, आज संध्याकाळी ह्यालाच काही झालं तर? आणि ह्याला? आता कोणाला निरोप जाणार, कुठून?

त्रेसष्ट नावं झाली. कोलूनं घरचं नाव सर्वांत शेवटी दिलं होतं, त्यामुळं ते यादीतही शेवटी होतं.

"रंजीता," मदीहानं वाचलं. मग तिच्या लक्षात आलं, रंजीता कोलूची नात.

कोलूनं वाता म्हटलं नाही.

मदीहानं पुन्हा वाचलं. रंभानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला. रंभा हलक्या आवाजात मदीहाला म्हणाली, "खाटेचा एक पाय यांच्याच खांद्यावर होता. सात कोस."

वारलू अस्वस्थ झाला. "भूमिया, त्रेसष्ट घेतले. हे पण घ्या लागते." मग पुन्हा म्हणाला, "एकाचं राहीन अन् बाकीच्याचं नाई, असं नाई होत आपल्यात. सगळ्याचं, नाहीतर कोणाचंच नाई. तुमीच शिकवलं."

शेवटी कोलू बोलला, आणि या खेपेला माडियात नाही, आपल्या मोडक्या मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून. "माह्यानं नाई होत. ते राहू दे."

वारलूनं मान फिरवली. त्याची स्वतःची दोन लेकरं त्या त्रेसष्टांत होती, नुकतीच पुसलेली. पुरचुंडीची गाठ त्यानं उगाचच दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

कोलू उठला. टॉवेल खांद्यावर टाकला. मदीहासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती, आणि ती पाहून मदीहाला आपलीच लाज जास्त वाटली.

"सभा बसन," तो म्हणाला. "सात दिवसांच्या आत. लोकाची नावं घेतली अन् माह्या नातीचं ठेवलं, हे मले तिथी सांगा लागन. तू बी चाल. मी माहं सांगतो, तू तुह्यं सांग. मंग लोक ठरवन, कुठी ठेवाचं."

मदीहानं अब्बांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाय. स्वेटर घेऊन जाय." अम्मी पडद्याआड डोळे पुसत कपडे भरायला लागली.

बस दीडची होती. रंभा पुढं चालत होती. सभेत सगळं गाव बसेल. पुसली गेलेली त्रेसष्ट माणसं समोर असतील, आणि पुढच्या रांगेत, आजाला चिकटून, रंजीताही असेल. त्या पोरीच्या तोंडावर तिला सांगावं लागणार होतं, की तू ओरडत होतीस आणि रंभाताई टेकडीवर बटण दाबत होती, तेव्हा पलीकडे कोणीच नव्हतं.